कूळ नको, कस सांगा

कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनणाऱ्या कायटोसॅनबद्दल एक वाक्य आता इतकं रुळलं आहे की ते कोणी तपासूनही पाहत नाही: हा पदार्थ नैसर्गिक आहे, म्हणून तो शरीराला मानवतो. जखमेवरच्या पट्ट्यांच्या माहितीपत्रकात हे वाक्य असतं, प्रबंधांच्या पहिल्या पानावर असतं, वर्तमानपत्रांच्या विज्ञान पुरवणीत असतं. मासळी-उद्योगाच्या टाकाऊ मालातून पैसा उभा करण्याच्या योजना मांडणाऱ्यांच्या भाषणात तर ते हमखास असतं. यातलं ‘नैसर्गिक’ अर्धंच खरं आहे. ‘मानवतो’ हे काही ठिकाणी खरं आणि काही ठिकाणी साफ खोटं आहे. आणि पहिल्यावरून दुसरं निघतं, हे तर कुठेच खरं नाही.

मी कायटोसॅनचा विरोधक नाही. रक्तस्राव थांबवणाऱ्या पट्टीपासून गुडघ्यातल्या कूर्चेपर्यंत या पदार्थानं खरं काम करून दाखवलं आहे. म्हणूनच त्याची वकिली इतक्या लंगड्या युक्तिवादावर चाललेली पाहून राग येतो. ज्याच्या पोटात, सांध्यात किंवा शिरेत हा पदार्थ जाणार आहे, त्या रुग्णाच्या दृष्टीनं हा युक्तिवाद धोक्याचा आहे. त्याचा एकेक आधार तपासून पाहू.

पहिला आधार निसर्गाचा. कोळंबीच्या कवचात असतं ते कायटिन, आणि तेही एकटं नसतं. ससून डॉकला किंवा मिरकरवाड्याला कोळंबी सोलताना डोकी आणि सालं बाजूला पडतात. ती वाळवली तर त्यांचा साधारण पाव भाग कायटिन भरतो. बाकी प्रथिनं आणि कॅल्शियम कार्बोनेट. ही सालं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकली की फेस येऊन त्यातलं कॅल्शियम निघून जातं. मग सौम्य कॉस्टिक सोड्यात तापवून प्रथिनं काढायची, नंतर रंग घालवायचा. एवढं झाल्यावर उरतं ते कायटिन. त्याचं कायटोसॅन करायचं, तर ४० ते ५० टक्के तीव्रतेच्या कॉस्टिक सोड्यात, सुमारे १०० अंश सेल्सिअसला ते पुन्हा शिजवावं लागतं. तेव्हा कुठे साखळीवरचे ॲसिटिल गट सुटतात. फ्रान्सच्या शार्ल रूजे यांनी १८५९ मध्ये हा पदार्थ पहिल्यांदा मिळवला, तोही कायटिन तीव्र अल्कलीत उकळूनच. निसर्गात तयार कायटोसॅन सापडतं ते मुख्यतः काही बुरशींच्या पेशीभित्तिकेत. कोळंबीच्या पाठीवर ते नसतं.

यात कमीपणा काहीच नाही. उत्तम रसायनशास्त्र आहे हे, आणि कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था त्यावर अनेक दशकं काम करते आहे. पण जो पदार्थ आम्ल, अल्कली आणि उष्णता यांच्या हातून घडतो, त्याच्या बऱ्यावाईटाची जबाबदारी समुद्रावर टाकता येत नाही. ती बनवणाऱ्याची आहे. आम्ल किती वेळ ठेवलं, सोडा किती तीव्र होता, शेवटचं पाणी कुठून आलं आणि धुणं किती वेळा झालं, यावर तो माल जखमेवर ठेवण्याजोगा आहे की शेतात फवारण्याजोगा, हे ठरतं.

त्याहून मोठी अडचण अशी की कायटोसॅन नावाचा एकच एक पदार्थ नाहीच. एका पोत्यातल्या मालाचे ७० टक्के ॲसिटिल गट काढलेले असतील, तर दुसऱ्यातल्याचे ९५ टक्के. एकाची साखळी काही हजार डाल्टनची असेल, तर दुसऱ्याची दहा लाखांची. हे फरक कागदावरचे नाहीत. चिमूटभर कायटोसॅन साध्या पाण्यात टाका. कितीही ढवळा, पातळ पिवळसर चकत्या तशाच राहतात. त्यात थोडं ॲसेटिक आम्ल घाला. चकत्या फुगतात, त्यांच्या कडा धूसर होतात आणि काही तासांनी भांड्यात दाट, पारदर्शक, ढवळणीला धरून वर येणारा द्रव असतो. आता त्यात कॉस्टिक सोड्याचे थेंब सोडा. थेंब पडेल तिथे पांढरा गोळा धरतो. साडेसहाच्या आसपासच्या सामूखाली हा पदार्थ धनभार घेऊन विरघळतो आणि त्याच्या वर गेला की बाहेर पडतो. आपल्या रक्ताचा सामू ७.४ आहे. म्हणजे बाटलीत विरघळलेलं कायटोसॅन शरीरात गेल्यावर काय रूप घेईल, हे साखळीची लांबी, ॲसिटिल गटांचं प्रमाण, सोबतचं आम्ल आणि जागा यांवर अवलंबून आहे. स्वच्छ धुतलेल्या पटलावर पेशी जगल्या, एवढ्यावरून त्याच मालाचे सूक्ष्म कण शिरेत सोडायला परवानगी मिळत नाही. तरीही एका शोधनिबंधातला ‘कायटोसॅन सुरक्षित आढळलं’ हा निष्कर्ष दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या निबंधात संदर्भ म्हणून फिरत राहतो आणि मूळ नमुना कोणता होता हे विचारायचं राहून जातं.

दुसरा आधार रणांगणाचा, आणि तो भक्कम वाटतो. हेमकॉन या कायटोसॅन-पट्टीला २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मंजुरी मिळाली. इराक आणि अफगाणिस्तानात सैनिकांच्या जखमांवर ती वापरली गेली. आता इतके सैनिक वाचले म्हटल्यावर पदार्थ शरीराला मानवतो हे सिद्ध झालं, असं सांगितलं जातं.

ती पट्टी रक्त थांबवते कशी, ते पाहा. तांबड्या रक्तपेशींच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो. कायटोसॅनवर धनभार असतो. दोन्ही भेटले की पेशी एकमेकींना चिकटून गोळा होतात, बिंबिका चेततात आणि जखमेच्या तोंडाला बूच बसतं. रक्त गोठण्याच्या नेहमीच्या साखळीवर हे फारसं अवलंबून नसतं, म्हणून रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांतही त्याचा उपयोग होतो. उघड्या जखमेवर हा गुण जीव वाचवतो. हाच गुण रक्तवाहिनीच्या आत गेला तर? पेशींचा गोळा तिथेही होईल, फक्त तिथे त्याला उपचार म्हणत नाहीत. पूरक प्रथिनांची संरक्षक यंत्रणा जागी करणं, तांबड्या पेशी फोडणं, हे परिणामही कायटोसॅनच्या काही प्रकारांत प्रयोगशाळेत दिसलेले आहेत. जपानमधल्या पशुवैद्यक संशोधकांनी १९९६ मध्ये आणखी गंभीर गोष्ट नोंदवली: मोठ्या मात्रेत त्वचेखाली कायटोसॅन टोचलेल्या कुत्र्यांना रक्तस्रावी न्यूमोनिया झाला. कुत्रा म्हणजे माणूस नव्हे आणि ती मात्रा पट्टीतून मिळणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पुढची होती, हे मान्य. पण ‘नैसर्गिक आहे, म्हणून मानवतो’ हा नियम सार्वत्रिक असता, तर त्या कुत्र्यांच्या फुप्फुसांनाही तो लागू पडायला हवा होता.

रणांगणाचीच पुढची गोष्ट या युक्तिवादाला आणखी अडचणीची आहे. अमेरिकी सैन्याच्या तातडीच्या उपचारांसंबंधीच्या समितीनं २००८ मध्ये केओलिन माती लावलेल्या गॉजला पहिली पसंती दिली आणि कायटोसॅनची ताठ पट्टी मागे पडली. २०१४ मध्ये त्याच समितीनं कायटोसॅनला पुन्हा यादीत घेतलं, पण या वेळी जखमेत कोंबता येणाऱ्या गॉजच्या रूपात. स्रोत दोन्ही वेळा समुद्रातलाच होता. बदललं ते रूप, आणि रूपाबरोबर निकाल. याच काळात वूंडस्टॅट नावाची, नैसर्गिक मातीच्या कणांची भुकटी सैन्याला वापरातून काढावी लागली, कारण डुकरांवरच्या प्रयोगांत तिनं रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा करून आत गुठळ्या केल्या होत्या. तीही निसर्गाचीच देणगी होती.

तिसरा आधार असा: आपल्या अश्रूंत, लाळेत, रक्तात लायसोझाइम असतं, ते कायटोसॅनचे तुकडे करतं आणि शेवटी साखरेच्या जातीचे निरुपद्रवी रेणू उरतात. हे वाक्य अर्ध्यावर तोडून सांगितलं जातं. लायसोझाइमला पकड मिळते ती ॲसिटिल गट शाबूत असलेल्या जागी. जितके गट जास्त काढले, तितकं विघटन संथ. ९५ टक्के ॲसिटिलमुक्त माल शरीरात दीर्घ काळ पडून राहू शकतो. म्हणजे विद्राव्यता आणि शुद्धता यांसाठी जो माल उत्तम म्हणून विकला जातो, तोच शरीरात विघटन होऊन निघून जाण्याच्या बाबतीत मागे असतो. कुठे तो लवकर जायला हवा आणि कुठे टिकायला हवा, हे उपचार ठरवतो. शिवाय आपलं शरीर या घराण्याच्या रेणूंकडे तटस्थपणे पाहतच नाही. माणसाकडे स्वतःचे कायटिनेज आहेत, आणि कायटिन उंदरांमध्ये ॲलर्जीशी जोडलेल्या रोगप्रतिकारक पेशींना बोलावून घेतं, हे २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानं दाखवलं. ज्या रेणूंच्या आवरणात बुरशी आणि परजीवी कृमींची अंडी येतात, त्यांना शरीरानं ओळखीचं समजून सोडून द्यावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

आता ज्या गोष्टीबद्दल माहितीपत्रकं सगळ्यात कमी बोलतात, तिच्याकडे वळू. सोललेल्या सालांचा ढीग उन्हात काही तास पडला की जिवाणू त्याचा ताबा घेतात. पुढच्या प्रक्रियेत जिवाणू मरतात. पण त्यांच्या भित्तिकेतलं अंतर्विष, म्हणजे एंडोटॉक्सिन, मागे राहू शकतं. त्याचा अत्यल्प अंश रक्तात गेला तरी ताप येतो, रक्तदाब कोसळू शकतो. अंतर्विषावर ऋणभार असतो, कायटोसॅनवर धनभार. ते एकमेकांना घट्ट धरून बसतात. काचेची भांडी २५० अंशांच्या कोरड्या उष्णतेत ठेवून अंतर्विषमुक्त करता येतात. कायटोसॅन त्या उष्णतेत जळून जाईल. गॅमा किरणांनी निर्जंतुक करावं, तर जिवाणू मरतात, अंतर्विष राहतं आणि वर साखळ्या तुटून माल बदलतो. इतकंच काय, अंतर्विष कायटोसॅनला बिलगून बसलं की ते मोजणाऱ्या चाचणीच्या नजरेतून निसटूही शकतं. अमेरिकेत रक्ताशी संपर्क येणाऱ्या साधनाला एकूण २० एककं आणि मेंदूमज्जेच्या द्रवाशी संपर्क येणाऱ्याला २.१५ एककं इतकीच मुभा आहे. अशा मर्यादेपुढे ‘समुद्रातून आलेलं’ या विशेषणाची किंमत शून्य. उलट ताजी सालं लगेच बर्फात गेली की नाहीत, हा प्रश्न त्या विशेषणानंच उभा केलेला असतो. जड धातूंचंही तेच. पाण्यातले धातू पकडण्यासाठी कायटोसॅन वापरतात. मग प्रक्रियेच्या पाण्यातले धातू ते पकडणार नाही असं कसं मानायचं?

वैद्यकानं हा धडा याआधी घेतलेला आहे. रबराच्या झाडाचा चीक शंभर टक्के नैसर्गिक. त्याच्या हातमोज्यांतल्या प्रथिनांनी डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णांना ॲलर्जी जडली, आणि ती हवेत पसरवणाऱ्या पावडरच्या हातमोज्यांवर अमेरिकेनं जानेवारी २०१७ पासून बंदी घातली. गाईच्या कातड्यातलं कोलॅजेन सुरकुत्यांखाली टोचण्याआधी त्वचेवर चाचणी घ्यावी लागे, कारण सुमारे तीन टक्के लोकांना ते सोसत नसे. याउलट १९४९ मध्ये लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात बसवलेलं भिंग निव्वळ प्लास्टिकचं होतं. विमानाच्या काचेचे तसलेच कपचे वैमानिकांच्या डोळ्यांत निमूट पडून राहतात, हे त्यांनी पाहिलं होतं. आज आपल्या घराघरांतली वडीलधारी माणसं कृत्रिम भिंगातून वाचतात. त्या भिंगाचं कूळ त्यांना कोणी विचारलेलं नाही.

म्हणूनच १९८६ च्या चेस्टर परिषदेनं जैवसुसंगततेची जी व्याख्या स्वीकारली, तिचा आशय आज पुन्हा वाचण्यासारखा आहे: विशिष्ट उपयोगात, शरीराकडून योग्य असा प्रतिसाद मिळवत काम करण्याची पदार्थाची क्षमता. विशिष्ट उपयोग. व्याख्येतून हे दोन शब्द काढले की काहीच उरत नाही. आयएसओ १०९९३ ही मानकमालाही त्याच पायावर उभी आहे. ती आधी विचारते, संपर्क कुठे: त्वचेशी, रक्ताशी की शरीराच्या आत? मग विचारते, किती वेळ: २४ तासांच्या आत, ३० दिवसांपर्यंत की त्यापुढे? या दोन उत्तरांवर चाचण्या ठरतात. पदार्थ प्राणिज असेल तर ही मालिका सूट देत नाही. त्याचा स्रोत आणि शुद्धीकरण यांची जास्तच चौकशी करावी लागते.

कुळावर विसंबण्याची चूक फक्त चाहतेच करतात असं नाही. घाबरणारेही तीच करतात. कोळंबीची ॲलर्जी आहे म्हणून जखमेवर कायटोसॅनची पट्टी नको, असं सांगणारे डॉक्टर आणि रुग्ण मला भेटतात. कोळंबीच्या ॲलर्जीचा मुख्य कारक तिच्या स्नायूतलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन आहे. ते ओळखण्याचं श्रेय ज्या १९९३ च्या संशोधनाला जातं, त्यात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पी. व्ही. सुब्बा राव यांच्या गटाचा वाटा आहे. प्रथिन नीट काढून टाकलेल्या कायटोसॅनमध्ये हा कारक उरायला नको. अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी २०११ मध्ये कवचधारी जलचरांची ॲलर्जी असलेल्या स्वयंसेवकांवर कायटोसॅनच्या पट्ट्या लावून पाहिल्या. चाचणी पूर्ण केलेल्या दहा जणांपैकी कोणालाही प्रतिक्रिया आली नाही. दहा ही संख्या लहान आहे, आणि तो निकाल त्या पट्टीपुरता आहे. अर्धवट धुतलेल्या स्वस्त मालाला त्याचा आडोसा घेता येणार नाही. पण दोन्ही बाजूंचं उत्तर एकाच ठिकाणी आहे: या मालात प्रथिन किती उरलं आहे, ते मोजा आणि सांगा.

यावर एक आक्षेप येईल आणि तो मनापासूनचा असेल. एवढ्या चाळण्या लावल्या तर आपल्या किनाऱ्यावरचा छोटा उद्योजक उभा कसा राहणार? सालं तशीच कुजत पडतील आणि औषध परदेशातून येईल. माझं उत्तर असं की सालांना वैद्यकाशिवाय दहा वाटा आहेत. शेती, सांडपाण्याची सफाई, पशुखाद्य. त्या वाटांनी जरूर जावं आणि लवकर जावं. वैद्यकाची वाट धरायची तर तिचा खर्च पहिल्या दिवसापासून मान्य करावा लागेल: ताजा माल, वेगळी यंत्रसामग्री, प्रत्येक घाण्याची नोंद. शेतीसाठीच्या मालावर ‘वैद्यकीय’ असं लेबल लावणं हा उद्योग उभारण्याचा मार्ग नाही. ज्या दिवशी एका रुग्णालयात तापाचे रुग्ण एकाच घाण्याच्या पट्टीशी जोडले जातील, त्या दिवशी त्या एका कारखान्यासोबत प्रामाणिक कारखानेही बुडतील.

हा मार्ग चालता येतो, याचा पुरावा आहे. माँट्रियलमध्ये कायटोसॅन आणि ग्लिसरॉल फॉस्फेट यांचं एक द्रावण तयार झालं. ते शरीराच्या सामूवरही विरघळलेलं राहतं. रुग्णाच्याच रक्तात मिसळून गुडघ्यातल्या कूर्चेच्या खड्ड्यात भरलं की तिथली गुठळी जागेवर टिकून राहते. ते विकसित करणारी बायोसिन्टेक ही कंपनी २०१० मध्ये मुंबईच्या पिरामल समूहानं घेतली. ८० रुग्णांवरच्या तुलनात्मक चाचणीचे निकाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर खड्डा जास्त भरला होता आणि भरलेल्या ऊतीचा दर्जाही चांगला होता; वेदना आणि हालचाल यांतली सुधारणा मात्र नेहमीच्या शस्त्रक्रियेच्या गटाइतकीच होती. मला या निकालाचा आदर वाटतो तो त्यातल्या दोन्ही वाक्यांसाठी. पदार्थ कोणता, जागा कोणती, तुलना कशाशी, फायदा किती आणि कुठे नाही, हे सगळं त्यात आहे. ‘निसर्ग’ हा शब्द त्यासाठी लागलाच नाही.

आपल्याकडे कायदाही आता मोकळीक देत नाही. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये आले, आणि जास्त जोखमीच्या ‘क’ व ‘ड’ वर्गातल्या उपकरणांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला. पण परवाना ही किमान पायरी आहे. रुग्णालयाच्या खरेदी समितीनं कायटोसॅनची पट्टी, जेल किंवा भुकटी घेताना विक्रेत्याकडे लेखी मागावं: ॲसिटिल गटांचं प्रमाण, साखळीची लांबी, अंतर्विषाची पातळी, उरलेलं प्रथिन आणि जड धातू, निर्जंतुकीकरणाची पद्धत, आणि ज्या जागी ती वापरणार त्या जागेसाठीच्या चाचण्यांचे अहवाल, तेही याच घाण्याचे. संशोधन-मार्गदर्शकांनी, नमुन्याचे हे आकडे न देता ‘जैवसुसंगत’ लिहिणारा प्रबंध परत पाठवावा. विज्ञान पुरवण्यांच्या संपादकांनी ‘नैसर्गिक, म्हणून सुरक्षित’ हे वाक्य छापायचं थांबवावं. हे आकडे ज्याच्याकडे आहेत, त्याला निसर्गाची साक्ष काढावी लागत नाही. ज्याच्याकडे नाहीत, त्याचा माल रुग्णाच्या शरीरात जाता कामा नये.